रीस्टार्ट करण्याआधीची पाच मिनिटं

(नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका छोट्या सभागृहात, इंजिनिअरिंगची मुलं आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत संगणक सांभाळणारी मंडळी यांच्यासमोर केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं आवरून घेतलं आहे.)

नमस्कार मंडळी. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, खुर्च्या आहेत.

सुरुवातीला एक प्रश्न. सर्व्हर अडकला तर तुम्ही सगळ्यात आधी काय करता? हां, मागून उत्तर आलं, "बंद करून चालू." हसू नका, प्रामाणिक उत्तर आहे. मीही पहिली चार वर्षं तेच करत होते, आणि दहातल्या सात वेळा काम होतं म्हणून तर सवय लागते. पण हायवेवर अपघात झाला की पंचनामा होईपर्यंत गाड्या हलवत नाहीत ना? रीस्टार्ट म्हणजे पंचनाम्याआधी रस्ता धुऊन काढणं. कुठला प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, अडकला होता, कुणी कुठली फाइल धरून ठेवली होती, मेमरीत काय होतं, सगळं गेलं. गाडी सुरू झाली, पण का बंद पडली ते कळलं नाही. मग तीच गाडी पुढच्या आठवड्यात, त्याच वेळी, बहुतेक शनिवारी रात्री बंद पडते.

एक प्रसंग सांगते. मार्च महिना, द्राक्षांचा ऐन हंगाम. पिंपळगावच्या बाजूचं एक पॅकहाउस, नाव घेत नाही. रात्री पावणेबाराला सुपरवायझरचा फोन. "ताई, लेबल निघंना." प्रत्येक पेटीवर प्लॉट नंबर आणि तारखेचं स्टिकर लागतं, त्याशिवाय पेटी कंटेनरमध्ये चढत नाही. लाइनवर बायका हात बांधून उभ्या, आणि माल प्रीकूलिंगला जायला उशीर झाला की घडांचे देठ सुकायला लागतात. लेबल छापणारा सर्व्हर लिनक्सचा, म्हणजे युनिक्सच्या घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा. मी घरूनच एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, आत गेले आणि डिस्क किती भरली ते सांगणारं डीएफ मायनस एच मारलं. डिस्क १०० टक्के भरलेली.

व्हार लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फोल्डरमध्ये, बघते तर लेबलच्या सॉफ्टवेअरची एकच लॉग फाइल सगळी जागा खाऊन बसलेली, शंभर जीबीच्या वर. आठ दिवसांपूर्वी कुणीतरी डीबग, म्हणजे बारीकसारीक सगळं नोंदवणं, चालू केलं होतं आणि बंद करायला विसरलं होतं. कुणीतरी म्हणजे मीच. फाइल काढून टाकणारं आरएम मारून ती उडवली. पुन्हा डीएफ. पुन्हा १०० टक्के!

इथे जरा थांबते, कारण युनिक्सचा स्वभाव इथेच कळतो. डीयूने मोजलं तर डिस्कवर भरपूर जागा मोकळी दिसत होती, आणि डीएफ म्हणत होतं जागा नाही. दोघंही खरं बोलत होते. डीयू फोल्डरमध्ये शिरून नावं वाचतं आणि ज्या फाइलींची नावं दिसतात त्यांचे आकडे जोडतं. डीएफ फाइलसिस्टिमलाच, म्हणजे डिस्कवरची जागा सांभाळणाऱ्या व्यवस्थेलाच, विचारतं, तुझे किती ब्लॉक वापरात आहेत. युनिक्समध्ये नाव म्हणजे फाइल नव्हे. फाइलची खरी ओळख आयनोडमध्ये असते, म्हणजे तिचा डेटा डिस्कवर कुठे आहे ते लिहिलेल्या पानावर, आणि फोल्डरमधलं नाव ही त्या आयनोडकडे बोट दाखवणारी एक नोंद. आरएम फक्त ती नोंद काढतं. शेवटची नोंद गेली आणि फाइल कुणीही उघडून धरलेली नाही, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच जागा सुटते.

तुमच्या घरात शेती असेल तर लगेच कळेल. सातबाऱ्यावरून नाव काढलं, पण कूळ अजून शेतात नांगर धरून उभं आहे. कागदावर रान मोकळं, प्रत्यक्षात मोकळं नाही. इथे कूळ होतं आमचं लेबलचं सॉफ्टवेअर. ते ती फाइल उघडून बसलेलं होतं, आणि नाव गेल्याचा त्याला पत्ताही नव्हता.

या कुळाला शोधायचं कसं? एलएसओएफ. कोणत्या प्रोसेसने कोणती फाइल उघडली आहे ते हा कमांड दाखवतो, आणि नाव गेलेल्या फाइलीपुढे 'डिलीटेड' असं लिहितो. ते वाचून एवढं बरं वाटलं मला त्या रात्री! प्रोसेसचा नंबर मिळाला, आणि फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे प्रोसेसकडे असलेला त्या उघड्या फाइलीचा नंबर, तो ४. आता सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं असतं तरी जागा सुटली असती. पण छापायची राहिलेली लेबलं त्याच्या मेमरीत रांगेत होती, ती गेली असती. म्हणून चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या प्रॉक फोल्डरमध्ये गेले, त्या प्रोसेसच्या नंबरात, तिथे एफडी, तिथे ४. नाव नसलेल्या फाइलीचं ते मागचं दार. त्यावर रिकामं लिहिलं, फाइल शून्य झाली, जागा त्याच क्षणी सुटली. फोन चालूच होता. पलीकडे प्रिंटरची खरखर ऐकू आली आणि सुपरवायझर म्हणाला, "निघालं निघालं." मग डीबग बंद केलं.

यात एक गंमत राहिली. माझ्या आधी तिथल्या एका मुलाने रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला युजर, म्हणून लॉगिन करून एक फाइल बनवून पाहिली होती. ती व्यवस्थित बनली. म्हणून त्याने छातीठोकपणे सांगितलं, डिस्क ठीक आहे. चूक त्याची नाही. ईएक्सटी४ फाइलसिस्टिम ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, ठरवून बदललं नाही तर. ५०० जीबीच्या डिस्कवर हे झाले २५ जीबी. साध्या प्रोसेसला "जागा नाही" म्हणून हाकलतात, रूटला आतून खुर्ची मिळते. तेव्हा तपासायचं असेल तर ज्या युजरची तक्रार आहे, तो युजर होऊन तपासा.

उलटही होतं. डीएफ ४० टक्के दाखवतं आणि तरी फाइल बनत नाही. तेव्हा डीएफ मायनस आय. आयनोड संपलेले असतात. लाखो बारक्या फाइली, बहुतेक कुठल्या तरी वेबसाइटचे सेशन. गोदामात जागा आहे, पण नोंदवहीची पानं संपली.

आता लोड, म्हणजे कामात किंवा रांगेत असलेले प्रोसेस. अपटाइम हा कमांड मारला की तीन आकडे दिसतात, गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांची सरासरी. चार कोअरच्या मशीनवर लोड ६० दिसला की माणसं घाबरतात, मोठा सीपीयू मागवायच्या गोष्टी सुरू होतात. आधी टॉप या कमांडमध्ये बघा, सीपीयू खरंच राबतोय का? अनेकदा तो ९० टक्के रिकामा बसलेला असतो. कारण लिनक्स लोड मोजताना सीपीयूसाठी थांबलेल्यांबरोबर डिस्कसाठी अडकलेल्यांनाही मोजतं, प्रोसेसची यादी देणाऱ्या पीएसमध्ये ज्यांच्यापुढे मोठा डी दिसतो ते. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरची रांग गेटबाहेर गेलीय, पण भुईकाटे मोकळे आहेत. रांग काट्यासाठी नाहीच, पावतीच्या खिडकीपाशी आहे, आणि तुम्ही आणखी दोन काटे बसवायला निघालात.

अंबडच्या एका कारखान्यात असंच होतं. मी सवयीने डीएफ मारलं आणि डीएफच अडकलं! थांबवायला दाबलेलं कंट्रोल-सी ऐकेना. तिथेच निदान झालं. शेजारच्या इमारतीतला स्टोरेज नेटवर्कवरून जोडलेला होता, एनएफएसने, आणि रंगकाम करणाऱ्यांनी त्याची केबल काढून ठेवली होती. त्या स्टोरेजला हात लावणारा प्रत्येक प्रोसेस उत्तराची वाट बघत डी होऊन बसलेला. डीएफलाही तिथलंच विचारायचं होतं, म्हणून तेही रांगेत. अशा वेळी डीएफ मायनस एल, म्हणजे फक्त घरातल्या डिस्क दाखव. आणि या अडकलेल्यांवर प्रोसेस मारणारं किल मायनस नाइन चालवायच्या भानगडीत पडू नका. एरवी ९ नंबरचा सिग्नल कुणाला टाळता येत नाही, पण डीमध्ये असलेला प्रोसेस अनेकदा तो ऐकायलाच बाहेर येत नाही. केबल लावली, लोड दहा मिनिटांत खाली आला. सर्व्हरवर मी काहीही केलं नाही, बिल मात्र लावलं.

किलवरून आठवलं. साधा किल १५ नंबरचा सिग्नल पाठवतो, म्हणजे "आवरा आणि निघा." ९ म्हणजे आवरायची संधीच नाही. डेटाबेसला सरळ ९ मारणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाही.

मेमरीचं दोन वाक्यांत. फ्री या कमांडमध्ये 'फ्री'चा रकाना छोटा दिसला म्हणून घाबरू नका, लिनक्स रिकामी मेमरी डिस्कच्या कॅशेसाठी वापरतं आणि लागली तर परत देतं. 'अव्हेलेबल'चा रकाना बघा. आणि एखादा प्रोसेस आपोआप गायब होत असेल तर डीमेसेज या कमांडमध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा, कर्नलनेच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानेच, मारलेला असतो.

वेळेचं मात्र सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे हे रोज छळतं. भाड्याने घेतलेले बहुतेक सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, येतात. आपण साडेपाच तास पुढे. एका ठिकाणी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यंत्रणेत, रात्री २ चा बॅकअप लावलेला, आणि तक्रार काय, तर रोज सकाळी कामावर आलं की सिस्टिम तासभर रडतखडत चालते. रात्री २ यूटीसी म्हणजे आपली सकाळची साडेसात, पहिल्या पाळीची ऐन वेळ. सहा महिने त्यांनी इंटरनेटवाल्याशी भांडण केलं होतं.

आणखी एक खूण सांगते. युनिक्सचा जन्म १९६९ चा, बेल लॅब्जमधला, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं काम. पण त्याचं घड्याळ १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतं, यूटीसीची मध्यरात्र. म्हणून आपल्या वेळेवर लावलेल्या मशीनवर कुठे १ जानेवारी १९७०, सकाळी साडेपाच अशी तारीख दिसली, तर ओळखा की तिथे शून्य आहे. त्या दिवशी साडेपाचला कुणी फाइल बनवली नव्हती. तारीख भरायची राहिली, किंवा घड्याळाचा सेल मेला.

आता तुमच्यातल्या एकाने आधी विचारलं होतं, मॉनिटरिंगला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या. पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते पेपरात येतं, पण गोदाकाठची माणसं नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून काय विचारतात? दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला आलं तर बघू. कमरेला आलं की भांडी बाजारातला माणूस माल वर चढवायला घेतो. छातीशी आल्यावर विचार करत बसत नाही. तुमच्याकडे ९५ टक्क्यांना अलार्म लावलेला असतो, म्हणजे मारुतीच्या गळ्याशी पाणी आल्यावर फोन वाजणार. माझं मत विचाराल तर टक्क्यांपेक्षा पाणी किती वेगाने चढतंय ते बघा. आठ महिने ८५ वर स्थिर असलेली डिस्क मला झोपू देते. काल ४० होती आणि आज ५५ आहे, ती नाही. पॅकहाउसच्या डिस्कचा आलेख मी नंतर काढून पाहिला. आठ दिवस सरळ रेषेत वर चढत होती, आणि बघणारं कुणी नव्हतं.

प्रश्न आहे? बोला ना, मोठ्याने बोला. "मग रीस्टार्ट कधीच करायचं नाही का?"

करायचं की. कंटेनर उभा असताना मी तुम्हाला तत्त्वज्ञान सांगणार नाही. फक्त त्याआधी पाच मिनिटं मागून घ्या. तारीख, अपटाइम, डीएफची दोन्ही रूपं, पीएसची पूर्ण यादी, फ्री, उघडी पोर्टं दाखवणारं एसएस आणि डीमेसेज, सगळं एकाखाली एक एका फाइलमध्ये ओता. मी त्याची छोटी स्क्रिप्टच करून ठेवली आहे, कारण रात्री दोनला माझं डोकं चालत नाही. आणि सिस्टिमच्या नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलच्या भरवशावर राहण्याआधी व्हार लॉगमध्ये जर्नल नावाचं फोल्डर आहे का ते बघून ठेवा. काही सिस्टिमवर ते नसतं, तेव्हा जर्नल फक्त मेमरीत राहतं आणि रीस्टार्टबरोबर पुसलं जातं.

ती स्क्रिप्ट पहिल्यांदा चालवली तेव्हाचं सांगते आणि थांबते, चहा आलेला दिसतोय. सगळं नीट गोळा केलं. फाइल उघडून वाचलीही, समाधान वाटलं. मग रीस्टार्ट दिलं. मशीन वर आलं, मी फाइल शोधायला गेले. ती मी टेम्प या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवली होती, आणि त्या सर्व्हरवर टेम्प मेमरीत होतं.