परवाचं उत्तर

नमस्कार श्रोतेहो.

रामकुंडावर पहाटे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मी कित्येक वर्षं पाण्याचे नमुने घेतले. शेजारी लोक डुबक्या मारत असतात, कुणी ओंजळभर पाणी तोंडात घेतं. मग कुणीतरी विचारतंच, "काका, गंगेचं पाणी चांगलं आहे ना?" आपण नाशिककर गोदेला गंगाच म्हणतो. माझं उत्तर ठरलेलं असायचं, "परवा सांगतो."

परवा का, ते ऐका. निर्जंतुक बाटलीचं झाकण ऐन वेळी काढायचं. बाटली उपडी धरून साधारण ३० सेंटिमीटर खोल न्यायची आणि तिथे प्रवाहाकडे तोंड वळवून भरायची. वरचा तवंग आत यायला नको, आपल्याच पायांनी ढवळलेला गाळही नको. मग ती बर्फाच्या पेटीत ठेवून तडक प्रयोगशाळा गाठायची. तिथे जंतूंना पोसणाऱ्या द्रावाच्या नळ्यांमध्ये हे पाणी घालतात. प्रत्येक नळीत एक इवलीशी नळी उलटी बुडवलेली असते. ३५ अंशांवर एक-दोन दिवसांत तिच्यात वायूचा बुडबुडा साचला, की संशय घ्यायचा. त्या नळीतल्या द्रावाचा थेंब नव्या नळीत घालून ४४.५ अंशांवर आणखी एक दिवस ठेवायचा. तिथेही बुडबुडा आला, म्हणजे विष्ठेतले जंतू, मुख्यतः ई-कोलाय. किती नळ्यांत बुडबुडे आले, त्यावरून आकडा काढतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात आंघोळीच्या पाण्यासाठी १०० मिलिलिटरमागे ५०० हा चांगला आकडा, आणि २,५०० ही शेवटची मर्यादा. पाण्यातला प्राणवायू, बीओडी (म्हणजे घाण कुजताना किती प्राणवायू खर्च होतो ते) हेही तपासतात, पण आंघोळ करणाऱ्याच्या पोटाशी संबंध या बुडबुड्याचा.

एका जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसानंतर, माझ्या बहिणीचा नातू घाटावर मनसोक्त डुंबला. त्याच सकाळी मीही तिथेच बाटली भरली होती. पाणी जरा गढूळ, बाकी वास नाही, काही नाही. आकडा हाती आला तेव्हा पोराला जुलाबांनी सलाईन लागली होती. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता. पोरगं बरं झालं, पण तो उशीर मला अजून सलतो.

मोठ्या पावसात रस्त्यांचं, गटारांचं पाणी नदीत येतं. डहाणू-अलिबागला गेलात तरी खाडीच्या, नाल्याच्या तोंडाशी हीच गत. समुद्रात मात्र एन्टेरोकोकाय हे विष्ठेतलेच दुसरे जंतू मोजणं जास्त भरवशाचं, कारण खाऱ्या पाण्यात ते ई-कोलायपेक्षा अधिक तग धरतात. उन्हानंही जंतू मरतात, त्यामुळे एकाच जागी सकाळचा आकडा वेगळा, दुपारचा वेगळा. म्हणून एका बाटलीवर निकाल देऊ नये. युरोपात २००६ च्या नियमाप्रमाणे आंघोळीच्या चार हंगामांच्या नोंदी पाहून जागेचा दर्जा ठरतो, आणि तो लोकांना दिसेल असा तिथेच लावावा लागतो.

असा फलक आपल्या घाटावर हवा. सिंहस्थात लाखो माणसं याच पाण्यात उतरणार आहेत. नोंदी फायलीत राहून त्यांच्या काय कामाच्या? तोवर एवढं पाळा : मोठ्या पावसानंतर दोन दिवस पोरांना डुबकी मारू देऊ नका, अंगावर जखम असेल तर उतरू नका, पाणी तोंडात घेऊ नका.

हल्ली घाटावर कुणी विचारलं, तर मी परवाचा वायदा करत नाही. आधी त्यालाच विचारतो, "काल वर त्र्यंबककडे पाऊस झाला का हो?"