एल्फिन्स्टन हायस्कूल: पैसा कोणाचा, बाक कोणाचे

शाळेचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपल्याकडे माजी विद्यार्थ्यांची नावं वाचून दाखवायची पद्धत आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलचं तसं केलं, तर दादाभाई, भाऊ दाजी, न्यायमूर्ती रानडे इथपर्यंत येतानाच आपली वेळ संपेल आणि तुम्ही टाळ्या वाजवून घरी जाल. मी आज दोनच गोष्टींबद्दल बोलणार आहे. या शाळेला पैसा कोणाचा लागला आणि तिथल्या बाकांवर कोण बसलं.

1827 साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचं गव्हर्नरपद सोडून निघाले. त्यांच्या नावानं काहीतरी करावं म्हणून इथल्या शेटियांनी, सरदारांनी, संस्थानिकांनी वर्गणी काढली. दोन लाखांहून जास्त रुपये जमले. त्या काळचे दोन लाख, बरं का! त्यातून विलायतेहून प्राध्यापक आणायचे ठरले. ऑर्लेबार आणि हार्कनेस असे दोघे आले आणि 1836 पासून टाउन हॉलमध्ये त्यांचे वर्ग भरू लागले. त्याआधीपासून नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या शिक्षणसंस्थेची शाळा चालूच होती. 1840 साली दोन्ही एकत्र केलं, 1856 साली पुन्हा वेगळं केलं: कॉलेज एकीकडे, हायस्कूल एकीकडे. मधल्या काळात नावं इतक्यांदा बदलली की ती सांगत बसलो तर तुम्ही उठून जाल.

सोसायटीच्या या शाळेत एक पारशी मुलगा शिकत होता. वडील तो चार वर्षांचा असतानाच गेलेले, आई एकटी. शाळेला फी नव्हती म्हणून तो शिकला. हा मुलगा म्हणजे दादाभाई नौरोजी. पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की फी असती तर आईला ती झेपली नसती, आणि आपलं शिक्षण लोकांच्या पैशातून झालं, तेव्हा ते लोकांना परत करणं हे आपलं कर्तव्य आहे. ही नुसती बोलाची कढी नव्हती. 1849 साली एल्फिन्स्टनमध्ये शिकलेल्या दादाभाईंसारख्या तरुण मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या आणि आपलं काम सांभाळून, बिनपगारी, तिथे शिकवलं.

हे झालं शाळेचं उजळ अंग. आता ज्यांच्या नावानं ही शाळा, त्यांच्याकडे वळू. 1823-24च्या सुमारास एल्फिन्स्टन यांनी शिक्षणावर एक टिपण लिहिलं. त्यात ते म्हणतात, मिशनऱ्यांना सगळ्यात खालच्या जातींतली मुलं सर्वांत चांगले विद्यार्थी वाटतात. पण त्यांना खास उत्तेजन देताना आपण जपून राहिलं पाहिजे. कारण शिक्षणाचं मूळ आधी त्यांच्यात धरलं, तर ते पुढे पसरणारच नाही. हुशारीबद्दल शंका नाही, हे लक्षात घ्या. मुलं चांगली आहेत हे कबूल करून मग दार लोटून घेतलंय. मला तरी यात द्वेष दिसत नाही. राज्यकर्त्याचा हिशेब दिसतो, आणि तो द्वेषापेक्षा जास्त टिकतो.

किती टिकला? हायस्कूल वेगळं झालं त्याच 1856 साली धारवाडला एका महार मुलानं सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. मुंबई सरकारनं नाकारला. एका मुलाला घ्यायचं तर बाकीचे शाळा सोडतील, असं कारण. 1858 मध्ये सरकारनं जाहीर केलं की पूर्ण सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या राहतील. कागदावर. 1882 साली सरकारनं नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी रोखठोक सांगितलं की महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. त्याच आयोगाकडे दादाभाईंनीही सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती. दोघांची वाट निराळी, पण मागणं एकाच पैशाबद्दल होतं.

धोबीतलावजवळची हायस्कूलची दगडी इमारत 1870च्या दशकातली. तिला आल्बर्ट ससून यांची मोठी देणगी होती. या इमारतीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत, परळच्या डबक चाळीतून एक मुलगा येऊ लागला. घर म्हणजे एक खोली. तिच्यात चूल, जातं, सरपण, सगळं कुटुंब, आणि चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे एक शेळीसुद्धा. मुलानं लवकर झोपायचं, रात्री दोनला वडिलांनी उठवायचं, मग दिव्याजवळ अभ्यास. हा भीमराव. शाळा सरकारी, मुंबईतल्या नामांकित शाळांपैकी. साताऱ्याला त्याला बसायला घरून तरट न्यावं लागे आणि शिपाई नसला की पाणी मिळत नसे. मुंबईत तेवढं नव्हतं. पण एकदा मास्तरांनी गणित सोडवायला त्याला फळ्याजवळ बोलावलं आणि वर्गात एकच गलका उठला. मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते! धावत जाऊन आधी डबे हलवले, मगच त्याला खडू धरता आला. त्याला संस्कृत शिकायचं होतं, ते मिळालं नाही. फारसी घ्यावी लागली.

आता एक गंमत सांगतो. 1907 साली मॅट्रिक झाल्यावर भीमरावांचा सत्कार झाला, समाजसुधारक सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, केळुसकर गुरुजींनी आपलं बुद्धचरित्र भेट दिलं, असं आपण सगळे वाचत आलोय. पण बाबासाहेबांनी स्वतः लिहिलंय की हा प्रसंग चौथी इंग्रजी, म्हणजे इंग्रजी शाळेतली चौथी इयत्ता, पास झाल्यावरचा, आणि अध्यक्ष हेच केळुसकर गुरुजी, म्हणजे दादा केळुसकर, होते. वडील आधी तयारच नव्हते. पोराच्या डोक्यात वारं शिरेल म्हणाले. मी स्वतः बाबासाहेबांच्या बाजूनं झुकतो. मॅट्रिकचा सत्कार ऐकायला शोभून दिसतो, पण चौथी पास होणं हा समाजासाठी सोहळा असावा, यातून त्या काळाची खरी कल्पना येते.

बोल्यांचं नाव मात्र पुढे येतंच. 1923 साली मुंबई विधिमंडळात त्यांनी ठराव मांडून मंजूर करून घेतला: सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. कागदावरचं पुन्हा कागदावर आणावं लागलं, पासष्ट वर्षांनी.

आणि 1928. सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं डॉ. आंबेडकरांनी मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाबद्दल निवेदन दिलं. त्यात त्यांनी सरकारी दप्तरातून एकेक कागद काढून मांडलाय. धारवाडचा अर्ज आहे. 1858चं धोरण आहे. आणि एल्फिन्स्टन यांचं ते टिपणही आहे, जपून राहण्याचं. ते निवेदन आज छापील मिळतं. ग्रंथालयात मागून घ्या आणि आधी तेवढा भाग वाचा. आता प्रश्न असतील तर विचारा.