पावसाच्या मागे कळप, कळपाच्या मागे आपण

श्रोतेहो,

पूर्व आफ्रिकेतल्या सफारीची आखणी हा आजचा विषय आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ताडोब्याच्या किंवा पेंचच्या फेऱ्या केलेल्या आहेत, त्यामुळे पहाटे उठून जिप्सीत बसणे आणि तासन्‌तास वाट पाहणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. अडचण आहे ती ताडोब्यात लागलेल्या सवयींची. साग आणि बांबूच्या रानात आपण वाघ निम्मा कानांनी शोधतो, म्हणजे सांबराचा किंवा भेकराचा कॉल ऐकून गाडी थांबवतो. शिवाय वाघ आपला इलाका सहसा सोडत नसल्यामुळे आपली सगळी धडपड अमुक गेटचे बुकिंग मिळवण्यासाठी चालते. सेरेंगेटीत प्राणीच वर्षभर शेकडो किलोमीटर चालत असतात, आणि फेब्रुवारीत जिथे नजर पोहोचेल तिथवर कळप दिसले, तिथेच ऑगस्टमध्ये वाळलेले गवत आणि धूळ असते. म्हणून तिथे हॉटेल आणि विमान ठरवण्याआधी महिना ठरवायचा, आणि महिना ठरवायचा म्हणजे पाऊस समजून घ्यायचा.

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान टांझानियात आहे आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,७५० चौरस किलोमीटर आहे. त्याला उत्तरेकडून लागून असलेले केनियातले मसाई मारा अभयारण्य त्याच्या जवळपास दहाव्या हिश्श्याइतके, म्हणजे सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचे. दक्षिणेकडच्या मैदानांवर जुन्या ज्वालामुखींची राख पसरलेली असल्यामुळे तिथल्या आखूड गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असते. व्यायला आलेल्या आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमके तेच हवे असते. परंतु पाऊस थांबला की तिथे पाणी उरत नाही. उत्तरेला गवत तितके कसदार नाही, पण पाऊस जास्त पडतो आणि मारा नदी एरवी बारमाही वाहते. कसदार चाऱ्याकडून खात्रीच्या पाण्याकडे आणि पुन्हा मागे, अशी ही येरझार आहे. तीत तेरा लाखांच्या आसपास वाइल्डबीस्ट, म्हणजे गाईसारखे दिसणारे मोठे हरिणवर्गी प्राणी असतात, आणि त्यांच्यासोबत झेब्रे व गॅझेल ही लहान हरणे मिळून आणखी काही लाख. झेब्रा गवताचा वरचा राठ भाग खातो, वाइल्डबीस्ट मधली पाती खातो आणि मागाहून येणाऱ्या गॅझेलला खालचे कोवळे फुटवे मिळतात. एकाच मैदानात तीन पंगती उठतात, असे म्हणा ना.

हे कळप अनादी काळापासून असेच आहेत, असे आपण समजतो. पण आजचा आकडा तसा अलीकडचा आहे. १८९० च्या दशकात बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगाने पूर्व आफ्रिकेतली गुरे मारली आणि त्यांच्याबरोबर रानातले खूरवालेही मारले. पुढे पाळीव गुरांना लस टोचण्याची मोहीम झाली, तेव्हा रानातला रोगही आपोआप ओसरला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जेमतेम अडीच लाख असलेले वाइल्डबीस्ट १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांवर गेले. गाईला टोचलेल्या सुईमुळे सिंहाचे पोट भरले, ही गोष्ट मला नदी ओलांडण्याच्या दृश्यापेक्षाही थरारक वाटते.

आता आपल्या रजांकडे वळू. मराठी घराची मोठी सुट्टी मे महिन्यात येते आणि तिथे मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत मोठा पाऊस असतो, ज्याला स्वाहिलीत ‘मासिका’ म्हणतात. या दिवसांत काही तंबूनिवास बंद असतात आणि मारातली काळी माती गाडी कशी धरते, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींना वेगळे सांगायला नको. तरीही मे पूर्ण वाया जात नाही. दर उतरलेले असतात, गर्दी नसते, आणि सेरेंगेटीच्या मध्यभागी सेरोनेरा परिसरात सिंह आणि बिबटे बाराही महिने असतात. जोडीला एन्गोरोन्गोरोचे विवर घ्यावे. सुमारे २६० चौरस किलोमीटरचा तळ आणि ६०० मीटर उंच भिंती असलेल्या या परातीतले बहुतेक प्राणी स्थलांतर करत नाहीत. जिराफ मात्र तिथे शोधत बसू नये. तळावर तो राहत नाही. सुट्टी जूनच्या सुरुवातीपर्यंत लांबवता आली, तर कळप पश्चिमेला ग्रुमेती नदीकडे सरकत असतात.

दिवाळीची सुट्टी अवघड आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस कळप उत्तरेकडून निघण्याच्या बेतात असतात आणि नोव्हेंबरमध्ये ‘वुली’ हा छोटा पाऊस सुरू झाला की दक्षिणेला वळतात. मात्र तो आठवडाभर मागेपुढे झाला तरी आपले गणित चुकते. म्हणून दिवाळीत जाणाऱ्याने एकाच टोकाला सगळ्या रात्री बांधून घेऊ नयेत, मध्य सेरेंगेटी हाताशी ठेवावी.

जुलै ते ऑक्टोबर हा नदी ओलांडण्याचा हंगाम, आणि आपल्याकडचे बहुतेक लोक त्याचसाठी पैसे साठवतात. मीही साठवले होते. पहिल्या खेपेस ऑगस्टमध्ये मी मारा नदीच्या काठावर तीन दिवस बसलो. समोरच्या तीरावर हजारो जनावरे जमायची, पुढची दहा-वीस पाण्यापर्यंत उतरायची, एखादा झेब्रा कान टवकारायचा आणि सगळी पुन्हा वर पळायची. आमच्या बाजूला तीसेक गाड्या होत्या आणि वायरलेसवर कोणी काही बोलले की निम्म्या गाड्या एकदम इंजिन सुरू करायच्या. तिसऱ्या संध्याकाळी आम्ही परतलो आणि आम्ही निघाल्यानंतर तासाभराने कळप उतरला, हे रात्री जेवताना कळले. दोष कोणाचाच नव्हता. एका क्षणावर सगळी सहल टांगणारी आखणी माझीच होती. २०२४ पासून जुलै ते डिसेंबर या काळात माराचे प्रवेशशुल्क परदेशी पर्यटकाला बारा तासांसाठी २०० डॉलर झाले आहे आणि वर्षाच्या पहिल्या सहामाहीत ते त्याच्या निम्मे आहे, हेही लक्षात घ्यावे. नदीच पाहायची असेल तर टांझानियाच्या बाजूचे कोगातेंदे पाहावे. नदी तीच, गाड्या कमी. मात्र सेरेंगेटीतून सरळ मारात उतरता येईल असे समजू नका. ती सीमा वाइल्डबीस्टला खुली आहे; पर्यटकाला रस्त्याने मोठा वळसा घालून दुसऱ्या नाक्यावरून जावे लागते आणि त्यात जवळपास अख्खा दिवस मोडतो. दहा दिवसांत दोन्ही देश करण्यापेक्षा एकाच देशात दोन मुक्काम करावेत, असे माझे मत आहे. माराच्या कडेने मसाई कुटुंबांनी भाड्याने दिलेल्या जमिनींवरची खासगी संरक्षित क्षेत्रे आहेत. तिथे गाड्यांची संख्या मर्यादित असते आणि रात्रीची फेरीही करता येते. दर चढे असतात, पण गर्दीला कंटाळलेल्याने तिथेच जावे.

माझी स्वतःची निवड विचाराल तर फेब्रुवारी, आणि जागा दक्षिणेकडच्या त्या आखूड गवताच्या मैदानांवरचे एन्दुतू. तिथे वाइल्डबीस्टच्या माद्या दोन-तीन आठवड्यांत जवळपास एकदमच वितात. सकाळी दहाच्या सुमारास आमच्यापासून पन्नास पावलांवर एक मादी बसली, उठली, पुन्हा बसली. ओले, तपकिरी पिल्लू गवतात पडले. पुढचे पाय ताठ करून ते दोनदा कोसळले, तिसऱ्यांदा उभे राहिले; सगळे मिळून पाच-सात मिनिटे लागली असतील. मग ते आईकडे जाण्याऐवजी डुगडुगत आमच्या गाडीकडे येऊ लागले. चालकाने लगेच इंजिन बंद केले. अशा वयात पिल्लू हलणाऱ्या कोणत्याही मोठ्या वस्तूच्या मागे जाते, असे त्याने हळू आवाजात सांगितले. आईने दोनदा घोगरा आवाज काढला आणि ते वळले. दूर एका वारुळावर चित्त्याची मादी बसलेली होती. तिने हे पाहिले होते की नाही, कोण जाणे.

सामानाबद्दल थोडक्यात सांगतो. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून मारात जाणाऱ्या छोट्या विमानांत सहसा माणशी पंधरा किलोच सामान घेता येते, आणि तेही मऊ पिशवीत; चाकांची कडक बॅग चालत नाही. आफ्रिका म्हणजे उकाडा, या समजुतीने स्वेटर घरी ठेवू नये, कारण मारा दीड हजार मीटरहून उंच आहे आणि जुलै-ऑगस्टच्या पहाटे उघड्या छताच्या गाडीत दात वाजतात. चिवडा आणि लाडू अवश्य न्यावेत, पण डब्यात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून बंदी आहे. केनियाहून परतताना भारतात पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र मागतात. ते लस टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होते आणि लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, म्हणून निघण्याच्या आठवड्यात जागे होऊन उपयोग नाही. हिवतापाच्या गोळ्यांचे डॉक्टरांना विचारावे.

मागे भिंतीवर नकाशा लावला आहे. ज्यांची रजा मंजूर झाली आहे त्यांनी चहाच्या वेळी तिथे यावे आणि आधी फक्त महिना सांगावा.