रिपोर्ट चांगला आला, तरी परत या

मंडळी, तोंडात चट्टा दिसला की आम्ही त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवतो. रिपोर्ट येतो, कॅन्सर नाही. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि तो माणूस पुढची दोन-तीन वर्षं दवाखान्याची पायरी चढत नाही. मला बोलायचं आहे ते या मधल्या वर्षांबद्दल. जीव वाचवायची खरी संधी तिथंच असते.

पांढरा चट्टा फडक्याने पुसून निघत नाही आणि दुखतही नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही. यातले बहुतेक चट्टे कधीच कॅन्सर होत नाहीत. हे आधी सांगतो, कारण घाबरून तोंड लपवू नका. पण कोणता चट्टा उलटेल हे नुसतं पाहून मलाही सांगता येत नाही. लाल, लाल-पांढरा, खरबरीत, जिभेच्या कडेचा किंवा जिभेखालचा असला तर धास्ती जास्त. पेशी किती बिघडल्यात ते तुकडा तपासल्यावरच कळतं. सुरी लागली की कॅन्सर पसरतो, असं गावोगावी सांगतात. ते साफ खोटं आहे आणि त्या भीतीपायी फार लोक उशिरा येतात.

आपल्याकडे खर्र्यामुळे, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या घोटलेल्या मिश्रणामुळे, आणखी एक दुखणं घरोघरी दिसतं, तोंड आवळत जाणं. सुरुवात ताटावरच होते. "डॉक्टर, भाजीचं तिखट सोसत नाही जी," पोरगा म्हणतो. आई त्याच्यासाठी फिकी भाजी वेगळी काढते आणि गोष्ट तिथंच मिटते. पुढे गालाची आतली बाजू पांढुरकी, कडक होते. बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात. तोंडात उभी तीन बोटं जायला हवीत, याची दोनही जात नाहीत. वय विचारावं तर वीस-बावीस!

हे काम सुपारीचं. तिच्यातल्या अरेकोलिन या रसायनाने कातडीखालचे तंतू वाढतात, तिच्यातल्याच तांबे या धातूने ते घट्ट होतात. तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो म्हणणाऱ्यांनीही ऐकावं: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच कर्करोगकारक ठरवलं आहे. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात असं तोंड आवळलेल्या ६६ जणांवर १७ वर्षांच्या काळात लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या पाच जणांना कॅन्सर झाला. खर्रा सोडल्यावर आवळलेलं तोंड पहिल्यासारखं होत नाही, हे खरं. म्हणून सोडून काय फायदा, असं मात्र म्हणू नका. आवळणं पुढे वाढू द्यायचं नसेल तर सोडावाच लागतो. पांढरे चट्टे तर तंबाखू सुटल्यावर कित्येकदा विरतातही.

तपासणीला मोठं यंत्र लागत नाही. तिरुवनंतपुरममध्ये शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी गावात तोंडं तपासली. तंबाखू-दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले, असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या आशाताईंनाही हे जमण्यासारखं आहे.

आता शाळेच्या व्हरांड्यात टॉर्च घेऊन बसतो. ज्यांना तिखट झोंबतं आणि ज्यांच्या तोंडातलं फोड दोन आठवड्यांत भरलं नाही, त्यांनी आधी यावं. चट्टा निघाला तर जागा आणि माप कागदावर लिहून देईन. तो कागद जपा आणि तीन महिन्यांनी घेऊन या, काही दुखत नसलं तरी.