साथ कशी करावी: मोत्सार्टचा क्लॅरिनेट कन्चेर्टो

श्रोतेहो, नमस्कार.

क्लॅरिनेट आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलेलं असतं ते वरातीच्या बँडमध्ये. ट्रम्पेट आणि ढोलांच्या गदारोळातून वाट काढणारं, चढ्या पट्टीतलं. आज याच वाद्याचा खालचा, घुमणारा आवाज ऐकायचा आहे, आणि तो ऐकू यावा म्हणून एका संगीतकाराने किती वाद्यं बाजूला ठेवली तेही सांगायचं आहे.

वर्ष १७९१. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोत्सार्ट व्हिएन्नाहून बाडनला असलेल्या पत्नीला, कॉन्स्टान्झेला, पत्र लिहितो: बिलियर्ड्स खेळलो, काळी कॉफी मागवली, छान पाइप ओढला, आणि मग श्टाडलरचा जवळजवळ संपूर्ण राँडो वाद्यवृंदासाठी लिहून काढला. राँडो म्हणजे मुख्य चाल पुन्हा पुन्हा परतून येते अशी रचना. हा राँडो क्लॅरिनेट कन्चेर्टोचा शेवटचा भाग; कन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वाद्य आणि त्याच्या साथीला वाद्यवृंद, अशी रचना. पुढे दोनच महिन्यांत, ५ डिसेंबरला मोत्सार्ट गेला. वय अवघं ३५.

आंटोन श्टाडलर हा त्याचा क्लॅरिनेटवादक मित्र. त्याच्याकडे बॅसेट क्लॅरिनेट होतं, नेहमीच्या क्लॅरिनेटपेक्षा चार अर्धस्वर खाली उतरणारं. कन्चेर्टो लिहिला तो या वाद्यासाठी.

आता साथीला कोण आहे ते पाहा. दोन बासऱ्या, ‘बसून’ नावाची खर्जातली दोन फुंकवाद्यं, दोन हॉर्न आणि तंतुवाद्यं. ओबो ही सनईच्या जातीची वाद्यं नाहीत, ट्रम्पेट नाहीत, नगारे नाहीत. ओबोचा आवाज टोकदार असतो. क्लॅरिनेटशेजारी तो ठेवला असता तर कान सारखा तिकडे ओढला गेला असता. बासरीचा स्वर मऊ, तो क्लॅरिनेटच्या वर अलगद पसरतो. मंद्रातल्या स्वरांना तर गर्दी अजिबात सोसत नाही. म्हणून एकलवादन सुरू झालं की मोत्सार्ट पुष्कळदा तंतुवाद्यांतल्या सगळ्यात खर्जातल्या डबल बासला थांबवतो, नुसते चेलो ठेवतो. कधी चेलोही नाहीत, फक्त व्हायोलिन आणि व्हिओला. जमीनच काढून घेतल्यासारखी होते आणि क्लॅरिनेट तरंगू लागतं. मी हा कन्चेर्टो कित्येक वर्षं फक्त क्लॅरिनेटकडे कान लावून ऐकत होतो. डबल बास कुठे थांबतो हे लक्षात आलं, त्या दिवसापासून तो मला वेगळाच ऐकू येतो.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पहिल्या भागात काही ठिकाणी चाल व्हायोलिनकडे जाते आणि क्लॅरिनेट खालच्या सप्तकात नुसते सुटे स्वर गुंफत राहतं. ज्याच्या नावाने मैफल, तोच साथीला बसतो! चांगल्या गवयाने क्षणभर थांबून सारंगीला वाट द्यावी, तसं.

श्टाडलरसाठी लिहिलेलं मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही. १८०१ मध्ये कन्चेर्टो छापला गेला तो साध्या क्लॅरिनेटसाठी बदलून. त्या वाद्याला न पोचणारे खालचे स्वर वरच्या सप्तकात उचलून ठेवले. घाटाच्या पायऱ्या उतरत जावं आणि पाणी दिसतंय तोच शेवटच्या पायऱ्या गायब व्हाव्यात, असं त्या ओळींचं झालं. विसाव्या शतकात अभ्यासकांनी त्या पायऱ्या पुन्हा जुळवल्या आणि वादकांनी बॅसेट क्लॅरिनेट नव्याने बनवून घेतलं. जमल्यास त्याच वाद्यावरचं ध्वनिमुद्रण मिळवा.

आता आपण दुसरा भाग ऐकणार आहोत, अडाजिओ, म्हणजे संथ लयीतला. इथे वाद्यवृंदाची प्रस्तावना नाही. पहिल्याच मात्रेपासून क्लॅरिनेट गाऊ लागतं, खाली तंतुवाद्यं अगदी हळू. तालाची आठ छोटी आवर्तनं झाली की तीच चाल सगळा वाद्यवृंद उचलतो, तेव्हा बासऱ्या आणि हॉर्न पहिल्यांदा ऐकू येतील. मधल्या भागात क्लॅरिनेट उंचावरून एकदम तळाशी उडी घेतं. त्या वेळी रेडिओचा आवाज वाढवू नका. साथीला कोण उरलंय, तेवढं ऐका.