ठाण्याच्या खाडीचे दोन ठिपके

(ठाण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पीएचडीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मघाशी पडद्यावर शोधनिबंधांतल्या कीवर्डचा, म्हणजे विषय सांगणाऱ्या शब्दांचा, तो रंगीत नकाशा आला आणि मागच्या बाकावरून कुणीतरी 'वा!' म्हणालं. मला भीती त्या 'वा'चीच वाटते.

असे नकाशे काढणारं व्हॉसव्ह्यूअर हे नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या व्हॅन एक आणि वॉल्टमन यांचं सॉफ्टवेअर. फुकट आहे. स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसमधून निबंधांची यादी उतरवून त्यात घातली, की पाच-दहा मिनिटांत ठिपके उमटतात. ठिपका मोठा, म्हणजे तो शब्द जास्त निबंधांत आला. दोन ठिपके जवळ, म्हणजे ते शब्द बरेचदा जोडीनं आले. रंगावरून गट कळतात. वर-खाली, डावं-उजवं याला मात्र काडीचा अर्थ नाही. अख्खा नकाशा उलटा केला तरी चालतो. ठाण्याच्या नकाशात घोडबंदर खाली आणि मुलुंड वर काढलंत तर रिक्षावाला हात जोडेल! तरी 'हा विषय वरच्या कोपऱ्यात, म्हणून प्रगत' असं प्रबंधांत सर्रास वाचायला मिळतं. कोपऱ्याला अर्थ आहे तो बिब्लिओमेट्रिक्स नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअर पॅकेजमधल्या थीमॅटिक मॅपला, म्हणजे विषयांच्या नकाशाला. तिथे आडवा अक्ष सांगतो की विषय इतर विषयांशी किती जोडलेला आहे. उभा सांगतो की तो आतून किती घट्ट विणलाय. आरिया आणि कुकुरुल्लो या इटालियन जोडीनं 2017 मध्ये या पॅकेजवर निबंध लिहिला. पॅकेज 'आर' या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, पण बिब्लिओशायनी ही त्याची बटणांवर चालणारी खिडकी उघडली की कोड लिहावा लागत नाही.

आता आपली खाडी घ्या. जुन्या निबंधांत ठाण्याच्या इंग्रजी स्पेलिंगचं शेवटचं अक्षर 'ए' (Thana), अलीकडच्यांत 'ई' (Thane). आपल्याला खाडी एकच, सॉफ्टवेअरला दोन. ठिपके दोन, रंगही कदाचित दोन, आणि मग एखादा हुशार विद्यार्थी लिहून मोकळा होतो की संशोधकांचं लक्ष एका खाडीवरून दुसरीकडे वळलं. खारफुटीचंही तेच, एकवचन एक ठिपका, अनेकवचन दुसरा.

यावर उपाय अगदी साधा आहे. थिसॉरस फाइल म्हणजे दोन रकान्यांची टेक्स्ट फाइल; डावीकडे सापडलेला शब्द, उजवीकडे त्याजागी हवा तो. पण ती फक्त हाती आलेले शब्द जुळवते. शोध घेतानाच 'ए'वालं स्पेलिंग राहिलं, तर ते निबंध यादीतच नसतात. मग कुठली फाइल वाचवणार?

लेखकांच्या नावांत उलटी गंमत. तिथे एकाचे दोन होतात तसे दहांचे एकही होतात. 'पाटील एस' नावाचा ठिपका एकदा माझ्या नकाशात टपोरा दिसला. हा गृहस्थ दातांवर लिहितो, उसावर लिहितो, पोलादावरही लिहितो. मी अर्धा दिवस कौतुकात घालवला. मग एकेक निबंध उघडून महाविद्यालयाचं नाव बघत गेलो, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

तर आज नकाशा काढायचा नाही. यादी एक्सेलमध्ये उघडा, कीवर्डचा रकाना वेगळा करा आणि वर्णानुक्रमे लावा. खाडीची किती रूपं सापडतात ते चहानंतर मला सांगा.