तांब्यात दिसणारी खोली

नमस्कार श्रोतेहो. ऐकता ऐकता एक काम करा. फडताळातला स्टीलचा पेला घ्या आणि डोळ्यांसमोर धरा. काय दिसतं? उजेडाची एक रेघ, ती ट्यूबलाइट. शेजारी अरुंद पांढरा पट्टा, ती खिडकी. मधोमध चिंचोळा, लांबट चेहरा, तो आपलाच. कडेला काळपट सावली, ती दाराची. आता हे सगळं वजा करा. पेल्याचं स्वतःचं असं जवळजवळ काहीच उरत नाही. चकचकीत भांड्याचा फोटो बिघडतो तो इथेच, कारण आपण भांडं मांडतो आणि खोली तशीच सोडून देतो.

नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेचा माल पिढ्यान्‌पिढ्या विकला जातो, आणि धनत्रयोदशीची गर्दी डोळ्यांपुढे ठेवून दिवाळी अंकांतल्या जाहिराती श्रावण-भाद्रपदातच तयार कराव्या लागतात. घंगाळ सुरेख असतं, पण फोटोत त्याच्या पोटावर दुकानाचं शटर, रस्त्यावरची मोटारसायकल आणि मोबाइल धरलेला माणूस उमटतो. ठोक्याठोक्याने घडवलेल्या वस्तूवर हा अन्याय आहे. तो टाळायला महागडी साधनं लागत नाहीत, पण वेळ मात्र लागतो. एका तांब्याच्या एका चांगल्या फोटोसाठी अर्धा दिवस धरून चाला.

आधी कारण समजून घेऊ. कॅरमचा स्ट्रायकर कडेवर ज्या कोनात आपटतो, जवळपास त्याच कोनात परत फिरतो. आरशासारख्या धातूवर उजेडाचं अगदी तसंच होतं. मातीचं मडकं उजेड सगळीकडे उधळतं, म्हणून ते कुठूनही बऱ्यापैकी सारखंच दिसतं. घासलेलं पितळ उजेड एकाच दिशेला परत करतं. कॅमेऱ्याच्या जागेवरून निघालेली रेघ भांड्यावर आपटून जिथे जाते, तिथे जे असेल तेच फोटोत येतं. तिथे पांढरा कागद असेल तर भांडं उजळ, काळोख असेल तर भांडं काळं. दिवा कितीही मोठा असो, तो या जागेत नसेल तर भांड्यावर त्याचा काही उपयोग नाही.

ताट सपाट असतं, त्यामुळे त्याला खोलीचा एक ठरावीक तुकडाच दिसतो. तो शोधायची पद्धत सोपी. कॅमेरा तिवईवर लावा आणि पडद्यावर ताट बघत राहा. दुसऱ्या माणसाने हातात पेटती विजेरी घेऊन ताटाच्या मागे आणि वर हळूहळू फिरावं. ताटात तिचा ठिपका ज्या ठिकाणी शिरतो आणि ज्या ठिकाणी बाहेर पडतो, त्या जागा सुतळी बांधून किंवा भिंतीवर चिकटपट्टी लावून खूण करून ठेवा. एवढ्याच भागात पांढरा कागद हवा, आणि खुणांच्या पलीकडे चारी बाजूंनी वीतभर जास्त.

तांब्या, कळशी, लोटा यांची गोष्ट वेगळी. गोल पोटाला खोलीचा बहुतेक भाग दिसतो, छतसुद्धा. आणि कॅमेरा तर दिसतोच, कारण पोटाचा कुठला ना कुठला बिंदू बरोबर कॅमेऱ्याकडे तोंड करून असतो. तिथून प्रतिबिंब घालवता येत नाही, लहान मात्र करता येतं. हातभर अंतरावरून फोटो काढू नका. पाच-सहा फूट मागे जा आणि ८५ ते १०० मिलिमीटरची लेन्स वापरा. मोबाइल असेल तर त्यातली दूरची लेन्स. लेन्सभोवती काळं कापड धरून मधे भोक ठेवलं की पोटावर फक्त एक काळा ठिपका उरतो, तो संगणकावर पुसता येतो. छायाचित्रकाराचा पांढरा शर्ट पुसत बसणं फार अवघड.

फोटोच्या आधी घासणं येतं. चिंच-मीठ किंवा लिंबू-मीठ लावून तांबं उजळतं, हे प्रत्येक घरात माहीत आहे. पण आम्लाचा अंश राहिला तर तासाभरात डाग उठतात. म्हणून भरपूर पाण्याने धुवा, शेवटचं पाणी आरओ फिल्टरचं घ्या, कारण बोअरच्या पाण्यातले क्षार वाळले की पांढरे ठिपके पडतात आणि ते छापून येतात. लगेच जुन्या मऊ सुती कापडाने कोरडं करा. तारेची घासणी अजिबात नको. साध्या उजेडात न दिसणारे तिचे ओरखडे दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे उठून दिसतात. पावसाळ्याच्या दमट हवेत घासलेलं तांबं लवकर मंदावतं, तेव्हा मांडणी आधी दुसऱ्या, तशाच आकाराच्या भांड्यावर जमवून घ्या आणि खरं भांडं अगदी शेवटी घासा. त्यानंतर उघडा हात लावायचा नाही, सुती हातमोजे घालायचे. स्टीलच्या नव्या भांड्यावरच्या लेबलाचा गोंद खोबरेल तेलाने सुटतो, मग साबणाने तेल काढा. नक्षीच्या चांदीला सोडा, मीठ आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा उपाय करू नका. त्याने खाचांतला काळेपणाही जातो आणि तोच काळेपणा नक्षीला उठाव देत असतो. तिथे मऊ कापडच बरं.

आता उजेड. मलमल किंवा पांढरी चादर अनेक जण लावतात, पण कापडाची वीण आणि घड्या धातूत उमटतात. ट्रेसिंग पेपरचा रुंद रोल घ्या. आठ इंच उंचीच्या तांब्याला साधारण तीन फूट रुंद, चार फूट उंच कागद एका बाजूला, भांड्यापासून फूटभर अंतरावर, कमानीसारखा वाकवून लावा. सांधा कुठेही येऊ देऊ नका, तो पोटावर रेघ बनून येतो. दुसऱ्या बाजूलाही कागद, आणि वर एक. झाला तंबू. पंखा बंद करा, नाहीतर कागद थरथरतो आणि फोटो हलल्यासारखा येतो.

दिवा कागदाच्या बाहेरून. खरी कलाकुसर इथे आहे. दिवा कागदापासून तीन-चार फूट लांब ठेवलात तर सगळा कागद सारखा पांढरा होतो आणि पितळ पिवळ्या प्लॅस्टिकसारखं दिसू लागतं. दिवा हळूहळू जवळ आणा. मधे तेजस्वी गाभा आणि कडांकडे मावळत जाणारा उजेड, असा उतार कागदावर पडतो, आणि तोच भांड्यावर उतरतो. धातू धातूसारखा दिसतो तो या उतारामुळे. साधारण फूट-दीड फुटावर तो जमतो. इंच इंच सरकवून बघा, घाई करू नका.

दुसरी गरज काळ्याची. सगळीकडे पांढरं केलं की स्टीलचा पेला राखेच्या ढिगासारखा दिसतो, त्याची कडा पांढऱ्या पार्श्वभूमीत विरून जाते. काळ्या कार्डशीटच्या दोन इंच रुंद पट्ट्या कापा आणि भांड्याच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर, उभ्या करा. कडेला बारीक काळी रेघ येते आणि आकार लगेच कळतो. पट्टी जवळ आणली की रेघ जाड, लांब नेली की बारीक. पितळेला आणि तांब्याला काळ्याऐवजी गडद तपकिरी कागद लावून पाहा, आणि सावलीच्या बाजूला सोनेरी चमकीचा कागद. धातू आपलाच रंग प्रतिबिंबावर चढवतो, त्यामुळे पितळेत पांढरा कागदही सोनेरी दिसतो, पण काळं मात्र काळंच राहतं आणि थोडं मेल्यासारखं वाटतं.

मठारलेल्या भांड्याला वरचे नियम बरेचसे बदलावे लागतात, आणि आपल्याकडे असं भांडं भरपूर असल्याने यावर जरा थांबतो. हातोडीचा प्रत्येक ठोका म्हणजे एक छोटा आरसा, शेजारच्यापेक्षा किंचित वेगळ्या दिशेला वळलेला. मोठ्या मऊ तंबूत हे सगळे आरसे पांढऱ्याकडेच बघतात, म्हणून ठोके पुसून जातात आणि कारागिराचे कष्ट दिसेनासे होतात. इथे मऊ उजेड कमी करा. एका बाजूने, भांड्याच्या उंचीएवढीच अरुंद उजळ पट्टी ठेवा, समोरची बाजू बरीचशी काळी राहू द्या. मग प्रत्येक ठोक्यात एक लखलखीत ठिपका आणि त्याच्या पाठीशी सावली पडते. पट्टी सहा इंच रुंद असेल तर ठिपके मऊ, दोन इंच असेल तर टोचणारे. हंड्याला चार इंचाच्या आसपास शोभून दिसतं. ठोक्यांच्या रांगा गोलाकार फिरत जातात, त्या नीट दिसाव्यात म्हणून कॅमेरा हंड्याच्या काठापेक्षा थोडासाच वर असावा.

एक गैरसमज. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड आत सोडणारी काच, लावला की चमक जाते असं सांगितलं जातं. काचेवर, पाण्यावर, पॉलिश केलेल्या लाकडावर ते खरं आहे. उघड्या धातूवर जवळजवळ काही होत नाही, कारण धातूवरून परतलेला उजेड काचेवरच्यासारखा एका दिशेत कंप पावू लागत नाही. दिव्यावरही तसंच पत्र लावून दोन्ही आडवे-उभे केले तर चमक जाते खरी, पण मग तांब्याला जीवच राहत नाही.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १००; छिद्र एफ/११ (हा आकडा वाढला की छिद्र लहान होतं), शटर लागेल तेवढं सावकाश, दोन सेकंदांचा टायमर. एफ/२२ ला सगळं जास्त स्पष्ट येईल असं वाटतं, पण इतक्या लहान छिद्रातून उजेड वाकून पसरतो आणि चित्र मऊ होतं. फोकस कॅमेऱ्यावर सोपवू नका. तो बरेचदा प्रतिबिंबावर बसतो, आणि प्रतिबिंब भांड्याच्या पृष्ठभागावर नसतं, त्याच्या मागे असतं. काठाशी छापील कागदाचा कपटा धरा, अक्षरांवर हाताने फोकस करा, कपटा काढा. पांढऱ्या तंबूला मोजून कॅमेरा फोटो करडा करतो, म्हणून उजेड एक ते सव्वा स्टॉप वाढवा; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. रंगाची आपोआप जुळणीही बंद. पितळेचा पिवळेपणा ही दिव्याची चूक आहे असं समजून कॅमेरा निळा रंग मिसळतो आणि पितळ फिकट पडतं. करडं कार्ड, म्हणजे कुठलीही रंगछटा नसलेला करडा पुठ्ठा, ठेवून रंग एकदा ठरवा आणि तोच कायम ठेवा. खोलीतली ट्यूबलाइट मालवा. दोन रंगांचे उजेड एकाच भांड्यात शिरले तर ते नंतर वेगळे करता येत नाहीत.

दिवे नसतील तर उत्तरेची खिडकी वापरा, पण नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे हे लक्षात ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्यही आपल्या उत्तरेला असतो आणि त्या खिडकीतून ऊन आत येऊ शकतं. डिसेंबरच्या निरभ्र दिवशी हाच उजेड निळसर असतो.

मांडणीत वाट्या एकमेकींना चिकटवू नका. दोन चकचकीत वाट्यांमध्ये बोटभर अंतर हवं, नाहीतर एकीत दुसरीचं काळं प्रतिबिंब पडतं आणि दोन्हींचा काठ हरवतो. झुकणाऱ्या वाटीखाली मेणाची गोळी ठेवा. तांब्याच्या पेल्यावर गार पाण्याचे थेंब हवे असतील तर ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात मिसळून फवारा, ते थेंब ओघळत नाहीत. वरचा भाग चांगला आला पण मूठ काळी राहिली, असं हमखास होतं. कॅमेरा अजिबात न हलवता दिवा सरकवून चार-पाच फोटो घ्या आणि प्रत्येकातला चांगला भाग संगणकावर जोडा. जाहिरातीत ही रीतच आहे.

शेवटी छपाई. पानभर ए-फोर जाहिरातीला चारी बाजूंनी तीन मिलिमीटर कापणीची जागा धरून २१६ बाय ३०३ मिलिमीटर लागतात. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर २५५१ बाय ३५७९, म्हणजे सुमारे ९१ लाख पिक्सेल. आजचे बरेच मोबाइलही एवढं देतात, मात्र चौकट भांड्यापुरतीच भरू नका. मजकुराला वरची तिसरा हिस्सा जागा मोकळी सोडा. शिलाईच्या बाजूला मूठ किंवा तोटी येऊ देऊ नका, ती घडीत गिळली जाते. आणि तांब्याची लाली. पडद्यावर दिसते तेवढी ती चार शाईंत उतरत नाही, विटकरी होते. म्हणून छापखान्याच्या रंगांत बदलूनच चित्र तपासा. चमकेचे अगदी टोकाचे ठिपके सोडले तर उजळ भागात तीन ते पाच टक्के तरी शाई राहू द्या. तिथे शाईच नसेल तर कोरा कागद दिसतो आणि भांड्याला भोक पडल्यासारखं वाटतं. छापखान्यातून प्रूफ आलं की ते भांडं सोबत घेऊन दारात जा आणि दिवसाच्या उजेडात दोन्ही शेजारी धरून बघा.